नाव ठेवायला आलेली माणसं

लॉखमॅडीच्या कचेरीत मंगळवारी जन्मनोंदणी असते.
बाकीचे दिवस मी मेंढ्यांच्या कानातले बिल्ले मोजते,
याच टेबलावर, वेगळ्या वहीत.

त्या मंगळवारी चार माणसं आली, पाचवं टोपलीत.
नाव ठेवायला आले
आणि नावं ठेवत बसले.

शीना म्हणाली, व्हारी. ठरलंय.
लिहिताना म, त्याला चिकटून ह, वाचताना व्ह.
ती ग्लासगोत औषधांच्या दुकानात होती तेव्हा
शेजारच्या काउंटरवर एक व्हारी होती,
म्हाताऱ्यांना गोळ्यांच्या वेळा
न कंटाळता तीनतीनदा सांगणारी.
तसं व्हावं पोरीनं.

टोरमॉडकाका टोपी गुडघ्यावर आपटत म्हणाले,
हे नावच नव्हे!
नाव आहे मारी. व्हारी ही हाक.
मारी जेवली, मारी झोपली,
पण दारातून बोलवायचं तर, अगं व्हारी!
आपल्यात हाक मारताना नावाचं तोंड बदलतं.
इंग्रजांनी ऐकलं तसं उतरवून घेतलं,
त्यांना काय ठाऊक संबोधन?
उद्या मुलगा झाला तर ‘अरे ए’ ठेवा.

(मी काही बोलले नाही. काकांचं स्वतःचं नाव
पेन्शनच्या पुस्तकात नॉर्मन आहे.)

रूअरीला नाव चालत होतं, ह चालत नव्हता.
लीड्सहून बदली बाई येतील, हजेरी घेताना म्हणतील,
म्‌... म्हैरी?
आणि अख्खा वर्ग वासरासारखा हंबरेल.
सरळ व घाला की.
व घातला तर शाम्पू वाटतो, शीना म्हणाली.

पेगीआजीनं सुयांवरून मान उचलली नाही.
माझ्या मामाची मारी नावाची नाव होती.
बावन्नच्या मार्चात गेली, तीन माणसांसकट.
तेव्हापासून आमच्या घरातलं
म-नं सुरू होणारं काही पाण्यात उतरलेलं नाही.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.
तुम्ही सांगा, ऑयरिक.

मी काय सांगू?
घरी ऑयरिक, शाळेत एफी, पासपोर्टवर युफेमिया,
बँकेतल्या एका पोरीनं परस्पर एरिका केलं.
आम्ही चौघी मिळून एक वीजबिल भरतो.

पण माझी बहीण होती.
बायबलच्या कोऱ्या पानावर, वडिलांच्या अक्षरात, मारी,
पहिल्या स्वरावर तिरकी रेघ.
दाखल्यावर मेरी.
आणि संध्याकाळी आई दारात उभी राहून
एप्रनला हात पुसत ओरडायची,
व्हाऽऽऽरी
वारा समोरून असला
की त्यातलं री पीटच्या ढिगापर्यंत पोचायचंच नाही.
तिला तेवढं पुरायचं. एक बूट हातात घेऊन धावत यायची.

ती गेली तेव्हा दगडावर प्रथमा विभक्ती कोरली.
बरोबरच आहे.
दगडाला कुणी जेवायला बोलवत नाही.
आईनं मात्र बोलवलं, दफनाच्या दुसऱ्या दिवशी,
सवयीनं, बटाटे उतरवता उतरवता.
आम्ही कुणीच ताटावरून वर पाहिलं नाही.

यातलं काही मी त्यांना सांगितलं नाही.
म्हटलं, फॉर्मवर खाडाखोड चालत नाही,
एकवीस दिवसांत ठरवून या.

फेरीची वेळ झालेली. गेले भांडत भांडत,
काका पुढे, आजी लोकरीचा गुंडा सावरत मागे,
गाडीची दारं धडाधड लागली
आणि टोपली माझ्या टेबलावर,
मेंढ्यांच्या वहीशेजारी, गाढ झोपलेली.

मी दारात धावले. ओरडले,
अगं हीना! हीना!

शीनातला श माझ्या तोंडातच ह झाला होता,
व्याकरणाला न विचारता.
ती वळली. कपाळावर हात मारला.

ती आत येईपर्यंत
नावाच्या रकान्यात मी पेन्सिलीनं म काढून ठेवला,
नुसता म.
पुढचं त्यांचं ते बघतील.